पान ७१ ची दुरुस्ती

३० सप्टेंबर २०२४, सोमवार. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळातला छोटा छापखाना. ९६ पानांच्या एका पुस्तकाचा चौथा फर्मा, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचा गठ्ठा, मशीनवर चढला होता आणि शाई जमेपर्यंतचे पहिले काही कागद निघत होते. आमच्याकडे प्रूफं वाचणारे काकाजी निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी सवयीप्रमाणे त्यातला एक बरा कागद उचलला, घडी घातली, आधी छापून झालेल्या तीन फर्म्यांच्या खाली सरकवला आणि पान ४८ वरून ४९ वर वाचत गेले.

"थांबवा जी मशीन."

"काहून काकाजी? रंग बरोबर येऊन राहिला ना."

"रंगाचं नाही. हे वाक्य दोनदा आलं."

खरंच आलं होतं. पान ४८ च्या शेवटच्या तीन ओळी पान ४९ च्या डोक्यावर पुन्हा जशाच्या तशा उभ्या होत्या. तिथल्या मजकुरात कोणी हात घातला नव्हता. हात मी घातला होता, तोही शुक्रवारी रात्री आणि एका संगणकाच्या अपडेटमध्ये. या छापखान्याचे तीन संगणक मी नोकरी सांभाळून बघतो. काय घडलं, कसं सापडलं आणि पुढे काय बदललं, ते इथे मांडतो. रोलिंग डिस्ट्रोवर, म्हणजे सतत नव्या होत राहणाऱ्या लिनक्सवर, रोजीरोटीचं काम करणाऱ्या कोणालाही ते कामाचं वाटेल.

मांडणी

घाई कसली होती ते बाहेरच्यांसाठी सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. आमच्यासारख्या छोट्या छापखान्यांचं वर्षाचं गणित त्या चार दिवसांवर ठरतं. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. बांधणी, कव्हर, ट्रिमिंग धरून पुस्तक ५ तारखेपर्यंत बाइंडरकडे जायलाच हवं होतं. दसरा उलटल्यावर तेच पुस्तक म्हणजे वरातीमागून घोडं.

संगणक तीन. पहिल्यावर जुळणी करणाऱ्या ताई बसतात, दुसऱ्यावर कव्हरं होतात, तिसरा काउंटरवर, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावायला. तिन्हींवर एकच रोलिंग लिनक्स. डिस्ट्रोचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. साधी पुस्तकं लिब्रेऑफिस रायटरमध्ये लागतात, कव्हरं इंकस्केप आणि स्क्रायबसमध्ये. रोलिंगच का, असं मालकांनी नंतर विचारलं तेव्हा मी नवीन हार्डवेअर, नवीन कर्नल वगैरे सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण निम्मी माझी हौस होती हेही खरं.

ठरावीक आवृत्त्यांच्या डिस्ट्रोत सगळा संच एकदा गोठवतात आणि पुढची दोन-चार वर्षं त्यात फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे तुकडे येतात. रोलिंगमध्ये आवृत्ती अशी नसतेच. मूळ कर्त्यांनी नवं काही काढलं की ते बांधून, तपासून थोड्याच दिवसांत तुमच्यापर्यंत येतं. कर्नल, ऑफिस, ब्राउझर आणि फॉन्टसुद्धा. या शेवटच्या शब्दावर हे सगळं प्रकरण उभं आहे, आणि तेव्हा तो माझ्या यादीतच नव्हता.

काय घडलं

गुरुवारी, २६ तारखेला, पहिले तीन फर्मे छापून झाले. पाने १ ते ४८. डेमी आकाराचा सोळा पानांचा फर्मा, एकरंगी काम, फर्म्याला दोन प्लेटा. शुक्रवारी रात्री मी दुसऱ्या संगणकावर अपडेट चालवलं. तीनशेच्या वर पॅकेजं होती. मशीन पुन्हा सुरू केलं, इंकस्केप उघडून बघितलं, प्रिंटरवर एक कागद काढला आणि घरी गेलो. पहिल्या संगणकाला हात लावला नाही. ताईंचं काम चालू आहे, ते मशीन दसऱ्यानंतर करू, असा शहाणपणा मला सुचला होता. दोन मशीनांत फरक पाडला तो याच शहाणपणानं.

शनिवारी लेखकाचा फोन आला. पान ७१ वर एक साल चुकलंय, अजून प्लेटा निघाल्या नसतील तर बदला. ताई पहिल्या संगणकावर दुसऱ्याच कामात होत्या. छापखान्यातल्या मुलाने फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, साल बदललं, पीडीएफ काढली. पान ७१ चा प्रिंट लेखकाला व्हॉट्सॲपवर गेला, त्यांनी होकार दिला. काकाजींनीही तेवढंच पान पाहिलं. पीडीएफ प्लेटवाल्याकडे गेली आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या फर्म्याच्या सहा प्लेटा संध्याकाळपर्यंत आल्या.

बदललेलं पान तीन माणसांनी तपासलं. बाकीची ९५ कोणीच नाही, कारण ती बदललेलीच नव्हती असं सगळ्यांनी धरलं.

सोमवारी काकाजींनी मशीन थांबवल्यावर आम्ही ती पीडीएफ नीट उघडली. पानं ९७. मंजूर झालेल्या पीडीएफमध्ये ९६ होती. प्लेटवाल्याच्या इम्पोझिशनच्या, म्हणजे प्लेटवर पानं लावायच्या, साच्यात सोळा-सोळा पानं बसतात. त्याने ४९ ते ६४, ६५ ते ८० आणि ८१ ते ९६ अशी पानं घेतली आणि सत्त्याण्णवावं पान गळून पडलं. त्या पानावर पुस्तकाच्या शेवटच्या पाच ओळी होत्या. तीन ओळी दोनदा आल्या म्हणून आरडाओरडा झाला. त्या आल्या नसत्या तर पुस्तक शेवटच्या पाच ओळींवाचून स्टॉलवर गेलं असतं.

शोध

सगळ्यांचा पहिला संशय लिब्रेऑफिसवर होता, माझाही. शुक्रवारच्या यादीत त्याचीही बारीकशी नवी आवृत्ती होती. पण संशय म्हणजे निदान नव्हे. तीच फाइल ताईंच्या जुन्या मशीनवर उघडली, ९६ पानं. दुसऱ्यावर उघडली, ९७. इथपर्यंत "अपडेटमुळे झालं" एवढंच कळतं. तीनशे पॅकेजांतलं कोणतं, ते कळत नाही.

आमच्या मशीनांवर रूट विभाजन, म्हणजे प्रणालीचा भाग, बीटीआरएफएस या फाइल-प्रणालीवर आहे आणि प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर स्नॅपर नावाचं साधन आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, घेतं. होम, म्हणजे कामाच्या फाइलींची जागा, वेगळं ठेवलंय, त्यामुळे मागे फिरलं तरी त्या जागच्या जागी राहतात. शुक्रवारच्या आधीच्या स्नॅपशॉटवर परत जायला पाच मिनिटं पुरली असती आणि मालक तेच म्हणत होते. मी एक तास मागून घेतला. कारण मागे फिरून पुस्तक सुटलं असतं, पण पुढच्या अपडेटला तेच भूत पुन्हा दारात उभं राहिलं असतं.

दोन्ही पीडीएफची पानं ताडून पाहिली तेव्हा चित्र उलगडलं. प्रकरणं नव्या पानावर सुरू होत असल्याने बहुतेक प्रकरणांतली ओळ-दोन ओळींची वाढ शेवटच्या अर्ध्या रिकाम्या पानात जिरून गेली होती. दोनच ठिकाणी ती दिसली. चौथं प्रकरण ४१ ते ५६ असं पसरलेलं, त्यात आठ पानांत मॅटर तीन ओळी पुढे सरकलं आणि नेमका तिथेच फर्मा बदलत होता. शेवटच्या प्रकरणाच्या अठरा पानांत आठ ओळी वाढल्या, शेवटच्या पानावर जागा तीन ओळींची होती, म्हणून पाच बाहेर सांडल्या. थोडक्यात, ओळींची उंची तीच होती, ओळीत मावणारे शब्द कमी झाले होते. काहीतरी रुंद झालं होतं.

एक ओळ दोन्ही पीडीएफमधून मोठी करून शेजारी ठेवली. "दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीने" अशी काहीशी ओळ होती. "दुसऱ्या"मधला ऱ्य, म्हणजे आपला मराठीतला खास अर्धचंद्रासारखा रफार, नव्या पीडीएफमध्ये जरा ऐसपैस बसला होता. आधी तो पुढच्या य ला खेटून असायचा. काही अक्षरजोड्यांतलं अंतरही हललं होतं. पॅकेजांची यादी पुन्हा पाहिली. ज्या खुल्या देवनागरी फॉन्टवर पुस्तक लावलं होतं त्याचं पॅकेज तिथे होतं, नवी आवृत्ती, यादीत मधेच कुठेतरी.

मग उलटसुलट पडताळा. दुसऱ्या संगणकावर बाकी सगळं नवं तसंच ठेवून फक्त फॉन्टचं पॅकेज काढलं आणि स्नॅपशॉटमधली जुनी फाइल ठेवली. ९६. ताईंच्या मशीनवर बाकी सगळं जुनं ठेवून फक्त नवा फॉन्ट घातला. ९७. दोन्ही बाजूंनी जमलं तेव्हा लिब्रेऑफिसची मनातल्या मनात माफी मागितली. हे करताना जुना आणि नवा फॉन्ट एकाच वेळी मशीनवर ठेवू नये. एका नावाचे दोन असले की प्रोग्राम कोणता उचलतो याचा भरवसा राहत नाही आणि चाचणीच फसते.

आणि गंमत बघा, नवा फॉन्ट जास्त चांगला होता. जुन्यात तो रफार खरोखरच गुदमरत होता. ज्यांनी तो सुधारला त्यांनी मराठी वाचणाऱ्याची सोयच केली. आमच्या पुस्तकासाठी मात्र ती सुधारणा तीन फर्मे उशिरा आली होती.

पुस्तक कसं सुटलं ते दोन वाक्यांत: पान ७१ ची दुरुस्ती ताईंच्या मशीनवर जुन्या फॉन्टने पुन्हा केली, सहाच्या सहा प्लेटा नव्याने काढल्या, प्लेटांचा खर्च मालकांनी आणि मी निम्मा-निम्मा उचलला. पुस्तक ठरल्या दिवशी बाइंडरकडे गेलं.

त्यांची चाचणी आणि आपली

संध्याकाळी चहा घेताना मालक म्हणाले, "काहून करतं मंग तू अपडेट? चालून राहिलं होतं ना सगळं?"

प्रश्न रास्त होता. रोलिंग म्हणजे कोणी काही न तपासता अंगावर फेकतं असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. ओपनसुसे टंबलवीड या रोलिंग डिस्ट्रोचं उदाहरण घ्या. तिथे पॅकेजं आधी वेगळ्या स्टेजिंगमध्ये एकत्र बांधून बघतात, मग फॅक्टरी नावाच्या मुख्य भांडारात येतात आणि मग ओपनक्यूए नावाची यंत्रणा आभासी मशीनवर संपूर्ण प्रणाली बसवते, जणू कोणी बसून कळा दाबतंय, माउस हलवतंय. प्रत्येक टप्प्यावर पडद्याचं चित्र घेऊन ते आधी जपून ठेवलेल्या चित्राच्या तुकड्यांशी ताडून बघते. त्या तुकड्यांना ते नीडल म्हणतात. ताळा जमला तरच तारखेच्या नावाचा स्नॅपशॉट बाहेर पडतो. आर्च या दुसऱ्या रोलिंग डिस्ट्रोत पॅकेजं आधी टेस्टिंगच्या भांडारात येतात, तिथले स्वयंसेवक ती आपल्या मशीनवर चालवून साइन-ऑफ देतात. डेबियनमध्ये अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये जायला पॅकेजला काही दिवस मुरावं लागतं आणि त्यात गंभीर बग असला तर ते अडतं.

तरीही भोकं राहतात, आणि ती बहुधा एकाच जागी असतात: त्यांची मशीन आणि तुमची मशीन यांच्यातल्या फरकात. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्चवर ग्रबची, म्हणजे मशीन सुरू होताना प्रणाली उचलणाऱ्या बूटलोडरची, नवी आवृत्ती आली. नव्या फाइलींनी बनवलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये एक नवा आदेश होता. पण बूटच्या जागी कधीकाळी बसवलेला ग्रब जुनाच असला तर त्याला तो कळत नव्हता. पॅकेज नवं झालं होतं, बसवलेलं बूटलोडर झालं नव्हतं. कित्येकांच्या मशीन सुरूच होईनात आणि कॉन्फिगरेशनसोबत ग्रबही पुन्हा बसवा, अशी सूचना आर्चला काढावी लागली. नव्याने बसवलेल्या मशीनवर हे दिसणारच नाही.

आमचं प्रकरण याच्याही एक पायरी पुढचं होतं. ग्रबमध्ये निदान काहीतरी तुटलं होतं. आमच्याकडे काहीच तुटलं नव्हतं. जगातल्या कोणत्याही ओपनक्यूएने आमचं पान पाहून "ठीक" असाच शेरा दिला असता. नागपुरातल्या एका पुस्तकाच्या पान ४८ वरून ४९ वर वाक्य कसं जातं, हे तपासणारा माणूस जगात एकच होता आणि तो आमच्याकडे टेबलाशी चष्मा पुसत बसलेला होता.

"अपडेटच नको" हा मालकांचा मार्गही टिकत नाही. काउंटरच्या मशीनला रोज दहा अनोळखी पेनड्राइव्ह लागतात, शिवाय त्यावर ब्राउझर उघडा असतो. ते जुनं ठेवणं म्हणजे दुकान उघडं टाकून जेवायला जाणं. आणि रोलिंग सहा महिने थांबवून एकदम पुढे ढकललं तर पॅकेजांवरच्या सह्या पडताळायच्या किल्ल्या मुदतबाह्य होतात, मधले बदल एकावर एक कोसळतात. दुसरीकडे नवं तेवढं सुरक्षित, असंही नाही. एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकाला एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनवर, आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा त्रास झाला म्हणून तो चोरदरवाजा २९ मार्च २०२४ ला उघडकीस आला. टंबलवीडमध्ये त्या आवृत्त्या ७ ते २८ मार्च, म्हणजे तीन आठवडे होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली, कारण तिथपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. म्हणून "आठवडाभर थांबून अपडेट करतो" हे सुरक्षेचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. आठवड्याने यातून सुटका झाली नसती. थांबायचं ते आपलं काम तपासून घ्यायला.

पुढे काय केलं

दोन गोष्टी लगेच झाल्या. मंजूर पीडीएफ हीच पुस्तकाची मूळ प्रत, रायटरची फाइल नव्हे, असं ठरलं. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी नवी पीडीएफ मंजूर पीडीएफशी पानागणिक ताडायची. त्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती आधी पानांची संख्या बघते. मग प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ काढून जुळवते. पीडीएफमधून देवनागरी मजकूर काढला की ऱ्हस्व इकार इकडे-तिकडे उड्या मारतात, पण दोन्हीकडे सारख्याच मारतात, त्यामुळे तुलनेला पुरतं. शेवटी पॉपलरने पानांची चित्रं काढून इमेजमॅजिकने किती ठिपके वेगळे आहेत ते मोजते. पान ७१ बदललं असेल तर फरक फक्त पान ७१ वर यायला हवा. दुसरं म्हणजे, प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये त्याचा फॉन्ट आणि आवृत्तीची नोंद, आणि रायटरमधली फॉन्ट दस्तऐवजातच ठेवण्याची खूण चालू. काम संपेपर्यंत त्या पुस्तकाचा फॉन्ट हलत नाही.

तिसरी गोष्ट हळूहळू घडली. आमची स्वतःची नीडल: एक चाचणी-पान. त्यावर बाराखडी नाही, छळणारी अक्षरं आहेत. दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, दोन्ही पद्धतींनी टाइप केलेली: ऱ ला हलन्त देऊन, आणि र, हलन्त, जोडणीचं अदृश्य चिन्ह असं करून. ब्रह्म, उद्ध्वस्त, विद्वत्ता, शृंगार. मराठी वळणाचे ल आणि श, कारण भाषा "मराठी" अशी लावलेली नसली की तेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "हे पुस्तक दिल्लीत छापलं का जी?" खाली दोन परिच्छेद सलग मजकूर, ओळी कुठे तुटतात ते बघायला.

अपडेट आधी काउंटरवर, तेही दर आठवड्याला. तिथे चाचणी-पान काढून जपलेल्या चित्राशी ताडायचं. जमलं तर आठवड्याने कव्हरच्या मशीनवर, मग ताईंच्या. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं त्या दिवसांत शेवटची दोन मशीन गोठवलेली. पहिले दोन आठवडे ठिपक्यांच्या मोजणीने उगाच बोंब मारली. अक्षरांच्या कडा रंगवण्यात केसभर फरक पडला तरी ती लाल व्हायची. तेव्हा मर्यादा सैल केली आणि भर ओळींच्या तुलनेवर दिला.

हे पान सगळं पकडत नाही, याचा दाखला लगेच मिळाला. नोव्हेंबरात काउंटरवर मी भरदिवसा अपडेट केलं, चाचणी-पान हिरवं आलं आणि मशीन पुन्हा सुरू न करता निघून गेलो. तासाभराने फोन. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह उघडत नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नवा आला तेव्हा जुन्याचे मोड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा जोडायचे त्याचे सुटे भाग, डिस्कवरून पुसले गेले होते. चालू मात्र जुनाच कर्नल होता आणि पेनड्राइव्हवरच्या फाइल-प्रणालीचं मोड्यूल त्याला सापडेना. बंद करून चालू करा म्हटलं, सुटलं. तेव्हापासून काउंटरचं अपडेट शटर खाली ओढताना.

जानेवारीत एकदा चाचणी-पानाचा ताजा प्रिंट काकाजींच्या टेबलावर राहून गेला. तीन महिने ते पान दर आठवड्याला स्वतःच्याच चित्राशी ताडून हिरवं येत होतं. काकाजींनी समोर आलेला कागद म्हणून वाचला, लाल पेनाने एक गोल केला आणि माझ्याकडे सरकवला.

"दिक्षा नाही जी. दीक्षा. दी दीर्घ."

दुरुस्त केलं. आणि जपलेलं चित्र फेकून नवं काढावं लागलं.